मापाडीमामांचा कडता

साऱ्या गावाचं वजन नुसत्या नजरेनं सांगणारा आणि स्वतःचं वजन काट्यानं सांगितलं तरी मान्य न करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या गुरुवारच्या गटातले मापाडीमामा. बाजार समितीच्या कांद्याच्या शेडमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं मापाडी म्हणून काढली. टेम्पोतून, ट्रॅक्टरमधून आलेली गोणी काट्यावर चढायची, मामा एकदा काट्याकडे आणि एकदा शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघायचे आणि आकडा पुकारायचे. त्यांच्या तोंडून आकडा निघाला की व्यापारी आणि शेतकरी दोघांचंही बोलणं संपायचं, असं लोक अजून सांगतात. काम सुटून चार वर्षं झाली तरी नजर काही सुटली नव्हती. रस्त्यात कुणी भेटलं की रामराम घालण्याआधी मामा त्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेणार. "सर, ब्याण्णव झालात," असं त्यांनी मला भर एसटी स्टँडवर, माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनींच्या देखत सांगितलं होतं. मी चिडून आरोग्य केंद्रात जाऊन काट्यावर उभा राहिलो, तर ब्याण्णव किलो दोनशे ग्रॅम. बारशाला लोक त्यांना मुद्दाम बोलावत. पाळण्याला हातही न लावता मामा सांगत, "तीन किलोला शंभर कमी. ब्येस हाय." अंगणवाडीच्या ताई वहीत बघून मान डोलावत, आणि मग बाळाचं नाव ठेवलं जाई.

आता कडता म्हणजे काय, हे बाजार न पाहिलेल्यांना सांगायला हवं. गोणी काट्यावर टाकली की जो आकडा दिसतो तो सगळा कांद्याचा नसतो. त्यात बारदान म्हणजे नुसती गोणी असते, माती असते, ओलावा असतो. त्यापोटी जी वजावट करायची तिला बाजारात कडता म्हणतात, आणि त्यावरून रोज भांडणं होतात. मामांचं म्हणणं असं, की दुनियेत निखळ वजन कशाचंच नसतं, कडता धरल्याशिवाय खरा आकडा निघत नाही. हा नियम त्यांनी कांद्यापुरता ठेवला नव्हता. कुणी कुणाचं कौतुक करायला लागलं की ते शांतपणे विचारत, "कडता धरून बोलताय का तसंच?" पुढाऱ्याच्या भाषणाला निम्मा कडता, लग्न जुळवणाऱ्याच्या बोलण्याला पाऊण, डॉक्टरच्या धाकाला चौथाई. मी बत्तीस वर्षं मिशनच्या हायस्कुलात मराठी शिकवलं, त्यामुळे मला विशेषणांची खोड आहे. मी बोलायला लागलो की मामा डोळे बारीक करून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हंजे बरं हाय, येवढंच ना?"

मामांच्या स्वतःच्या देहाला मात्र कितीही कडता धरला तरी फारसा फरक पडला नसता. गेली वीस-पंचवीस वर्षं एसटीतलं दोघांचं बाक त्यांना एकट्याला लागायचं. कडेला वीतभर जागा उरायची खरी, पण तिथं कुणी टेकलंच तर पहिल्या वळणाला तो माणूस उभा राहिलेला दिसायचा. मामी अगदी काटकुळ्या, पण त्यासुद्धा त्या वीतभर जागेत मावत नसत. त्यामुळे दौंड-नगर गाडीत ही दोघं चढली की मामा पुढच्या बाकावर आणि मामी बरोबर त्यांच्या मागच्या, अशी वहिवाट पडून गेली होती. मग दीड तासाचा सगळा संसार मामांच्या खांद्यावरून चालायचा. मामी मागून शेंगा पुढे देणार, मामा टरफलं मागे देणार. "ग्यास बंद केलाय न्हवं?" हे मामांनी समोरच्या काचेकडे बघत विचारायचं आणि मामींनी त्यांच्या मानेला उत्तर द्यायचं. अख्ख्या गाडीला त्यांच्या घरातल्या गोष्टी पाठ झाल्या होत्या. मीही दोनदा त्या गाडीत होतो आणि दोन्ही वेळा तोंडावर रुमाल धरून हसलो, त्याची आता थोडी लाज वाटते.

आमची खरी ओळख झाली ती गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथं एक नवीन सिस्टर आल्या, नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातल्या. डोंगरात वाढलेल्या, भाताच्या खाचरात राबलेल्या, वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. बीपीच्या गोळ्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांतून त्यांनी आम्हा आठ-दहा जाड माणसांना बाजूला काढलं आणि एक गट केला. दर गुरुवारी सकाळी, पेशंटांची गर्दी व्हायच्या आत, केंद्राच्या व्हरांड्यात जमायचं. वजन करायचं, टेपनं कमरेचा घेर घ्यायचा, बीपी बघायचं आणि मग तासभर बोलायचं. कुणी कुणाला हसायचं नाही हा पहिला नियम, आणि जे खाल्लं ते वहीत खरं लिहायचं हा दुसरा. उपास नाही, चूर्ण नाही, टीव्हीवरचा काढा नाही. ताटात निम्मी भाजी-कोशिंबीर, भाकरी मोजून, तेल चमच्यानं, रोज अर्धा-पाऊण तास पायी आणि रात्रीची पुरी झोप. "जे जन्मभर जमेल तेवढंच बदला, एकदम काही सोडू नका," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत. मला पहिल्यांदा हे सगळं अपमानाचं वाटलं होतं. साठी उलटलेल्या माणसाला जेवायला शिकवायचं म्हणजे काय? पण माझी बायको म्हणाली, "जा. तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात. आता कुणी तुमची तपासली तर काय बिघडलं?"

पहिल्या गुरुवारी मामा आले ते हातात एक जड पिशवी घेऊन. पिशवीत दहा किलोची दोन लोखंडी मापं होती. "आधी काटा तपासू," असं म्हणून त्यांनी ती दोन्ही केंद्राच्या काट्यावर ठेवली. काट्यानं बरोबर वीस दाखवल्यावर ते जरा नाराजच झाले. मग स्वतः चढले. एकशे अठरा. "आता कडता धरा," मामा म्हणाले. सिस्टरांना काही कळेना. मामांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली, "धोतर-सदरा पाऊण किलो. चपला अर्धा. मोबाईल, तंबाखूची डबी, कवळी. आन् सकाळी तांब्याभर पानी पिऊन आलोय, ते निराळं."

"चपला आणि मोबाईल काढून परत उभे राहा," सिस्टर म्हणाल्या.

"काढतो. पर धोतराचं काय?"

"धोतर राहू द्या मामा. ते दर गुरुवारी तेवढंच भरेल. आपल्याला गेल्या गुरुवारपेक्षा फरक किती पडला तेवढंच बघायचंय."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षांत कडत्याला इतकं सरळ उत्तर त्यांना कुणी दिलं नसावं. तरी त्यांनी आपला हट्ट सोडला नाही. सिस्टरांच्या रजिस्टरात एक आकडा आणि मामांच्या खिशातल्या वहीत कडता धरून दुसरा, असे त्यांचे दोन आकडे कितीतरी महिने बरोबरीनं चालत राहिले.

त्याच दिवशी सिस्टरांनी प्रत्येकाला विचारलं, की वजन कशासाठी कमी करायचंय. कुणी गुडघे सांगितले, कुणी धाप. मी बायकोचं नाव पुढं केलं. मामांची पाळी आल्यावर ते म्हणाले, "मला घरच्या मानसाला किडनी द्यायचीय." मामींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिसला जावं लागत होतं. मुलीचा रक्तगट जुळला नाही, मामांचा जुळला. पण मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मामांना बघून सांगितलं, की एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही, त्यात तुमच्याच जिवाला धोका आहे. पंधरा किलो कमी करून या, मग पुढच्या तपासण्या करू. "पंधरा किलो म्हंजे काय, कांद्याची ल्हान पिशवी," मामा आम्हाला म्हणाले. "आशा पिशव्या मी जलमभर उचलून टाकल्यात."

गावात याची बरीच चर्चा झाली. बायकोनं नवऱ्याला किडनी दिल्याचं लोकांनी ऐकलं होतं, चार ठिकाणी पाहिलंही होतं. नवरा बायकोला देणार म्हटल्यावर मात्र मामांना अडवून सल्ले देणारे पुष्कळ निघाले. कर्त्या पुरुषानं असं करू नये, तिचं वय झालं, तुम्हाला पुढं कोण बघणार, वगैरे. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी माझ्याही मनात असंच काहीतरी येऊन गेलं होतं. मामा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. "लोकांच्या बोलन्याला मी पुरा कडता धरलाय, सर," असं ते मला एकदा चालता चालता म्हणाले, आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

चालायचं म्हणजे कसं, तर मामा रोज पहाटे घरापासून जुन्या कांदा शेडपर्यंत चालत जायचे. तिथं रिकाम्या काट्याला हात लावायचे आणि परत फिरायचे. काट्याला हात लावल्याशिवाय फेरी मोजायची नाही, असा त्यांचा दंडक. एकदा शेडला कुलूप होतं, तर रखवालदार येईपर्यंत ते बाहेर उभे राहिले आणि मग हात लावून घरी आले. जेवणाच्या वहीत आम्ही "भाकरी दोन, भाजी" असं लिहायचो. मामा लिहायचे, "बाजरी, जाड, दोनशे दहा." हातावर घेतली की भाकरी किती ग्रॅमची ते त्यांना कळायचं. नाताळला मी त्यांना घरी बोलावलं. माझ्या बायकोनं करंज्यांची बशी पुढं केली. मामांनी एक करंजी तळहातावर घेतली, दोन मिनिटं तशीच धरली, मग अगदी हळू बशीत परत ठेवली आणि म्हणाले, "वैनी, लई चांगली झालीय." माझी बायको अजून म्हणते, की तिच्या करंजीचं असं कौतुक कुणी केलं नाही.

आणि त्यांच्या घरात तर दोन्हीकडून मोजमाप चालायचं. मामींना दिवसाला ठरावीकच पाणी. मामांनी त्यासाठी एक स्टीलचा पेला नेमून ठेवला होता आणि सकाळपासून किती पेले झाले त्याच्या खडूनं भिंतीवर रेघा ओढत. मामी तहानेनं कासावीस व्हायच्या, हळूच म्हणायच्या, "आवो, आरधा तरी." मामा म्हणायचे, "पान्यात कडता न्हाई." मग बाहेर ओट्यावर येऊन बसायचे, कारण तिच्या तोंडाकडं बघवायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मामांच्या भाकरीचा कारभार मात्र मामींकडे होता. एकानं दुसऱ्याचं पाणी मोजायचं, दुसऱ्यानं पहिल्याची भाकरी, असा तो संसार. मला वाटायचं, यापेक्षा चोख बंदोबस्त सरकारी गोदामातही नसेल.

पहिल्या तीन महिन्यांत मामांचे सहा किलो उतरले. गटात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे तेवढ्या काळात दीड उतरले होते आणि त्यातही नाताळ मध्ये आला होता. मग एकाएकी मामांचा काटा अडला. एकशे बारा. पुढच्या गुरुवारी एकशे बारा, त्याच्या पुढच्या गुरुवारी एकशे बारा आणि वर दोनशे ग्रॅम. असे सात गुरुवार गेले. मामांनी पुन्हा मापं आणून काटा तपासला. चालणं दुप्पट केलं, तंबाखू सोडली. तिकडे मामींचा हात सुयांनी सुजत होता, डायलिसिसहून आल्या की दिवसभर पडून राहायच्या, आणि इकडे मामा काट्यावर उभे राहिले की आम्ही सगळे माना लांबवून आकडा बघायचो. सिस्टर त्यांना रागावल्या नाहीत. असं मधेच अडतं, शरीर थोडं हट्ट करतं, घाबरू नका, एवढंच म्हणाल्या. पण सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. "सर, त्यांची वही आणि त्यांचं वजन जुळत नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर. एकटी गेले तर त्यांना तपासणी वाटेल."

आम्ही गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. मामा फेरीला बाहेर पडले होते, आता दिवसातून दोनदा जायचे. मामी चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. सिस्टर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि परातीकडे बघू लागल्या. पिठात शेंगदाण्याचा कूट होता आणि मळायला पाण्याऐवजी साय घेतलेली होती. शेजारच्या वाटीत पातळ केलेलं तूप, भाकरी फुगली की तिचा पापुद्रा उचलून आत सोडायला. कालवणावर शेंगदाण्याच्या तेलाचा बोटभर थर होता.

"मामी, हे रोज?" सिस्टरांनी विचारलं.

मामींनी लपवालपवी केली नाही. भाकरी तव्यावर टाकली, हात पदराला पुसले. "रोज," त्या म्हणाल्या. "त्यांचं वजन उतरलं का त्यांना टेबलावर घेनार. धडधाकट मानूस हाय ते. माझ्यापायी त्यांचं प्वाट फाडायचं? मी आज हाय, उद्या न्हाई. त्यांना भूक सोसत न्हाई बाई, मला ठावं हाय. मी येवढंच करू शकते."

इतके दिवस सात गुरुवारांचं कोडं आम्ही मामांच्या वहीत शोधत होतो. सिस्टर अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "किडनीचं राहू द्या बाजूला. द्यायची का घ्यायची ते तुम्ही दोघं ठरवा, आणि तुमच्या मनाविरुद्ध कुणी काही करणार नाही. पण मामी, त्यांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. रात्री झोपेत श्वास अडकतो, तुम्हीच मला सांगितलं होतं. बीपी गोळ्यांनी आटोक्यात येत नाही. तुम्ही त्यांना वाचवायला म्हणून जे वाढताय ना, त्यानंच ते खचतील. मग तुम्हाला नगरला कोण नेणार?"

मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. तव्यावरची भाकरी करपली. आणि त्याच वेळी मामा दारात उभे आहेत हे मला दिसलं. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी गडबडून म्हणालो, "मामा, अहो, तुम्हाला हे..."

"ठावं हुतं," मामा म्हणाले. "पैल्या दिवसापासनं ठावं हुतं. दोनशे दहाची भाकर तीनशेची झाली, मला कळंना व्हय?"

"मग वहीत दोनशे दहाच का लिहीत होतात?"

मामा उंबऱ्यावर टेकले. "सर, तिच्या हातची भाकर काट्यावर टाकून तिला दाखवायची, म्हंजे मग घर काय राह्यलं? म्हून म्या चालनं वाढवलं. म्हनलं, ती वाढती, आपुन जिरवू."

मामी तोंड फिरवून बसल्या. मग मामांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. काष्टीच्या बैलबाजारात सौदा कसा होतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दोघं जण हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवतीच्या लोकांना काही कळत नाही. मामा उठले, चुलीपाशी गेले, कसेबसे एक गुडघा टेकून बसले, खांद्यावरचा टॉवेल आपल्या हातावर टाकला आणि तो हात मामींपुढं केला. "किडनीचं मागनं बघू. आदी भाकरीचं बोल."

"लोकं हायेत," मामी म्हणाल्या.

"टावेल हाय की वर."

मामींनी पिठाचा हात टॉवेलाखाली घातला. सिस्टर आणि मी भिंतीकडे बघू लागलो. मधेच मामी हसल्या, मग पुन्हा टॉवेल हलला. शेवटी मामांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, म्हणजे सौदा पटला. नंतर त्यांनी मला सांगितलं, की मामी तीन भाकरींवर अडून बसल्या होत्या आणि ते दोनवर. दोन आणि चतकोर यावर तुटलं. कूट नाही, साय नाही, तूप फक्त रविवारी. बदल्यात मामींनी दिवसाला अर्धा पेला पाणी जास्त मागितलं होतं, ते मात्र सिस्टरांनी सौद्यातून काढून टाकलं.

त्यानंतर काटा पुन्हा हलला. कधी अर्धा किलो, कधी पाव, एखाद्या गुरुवारी काहीच नाही. पण हलला. मामांच्या मानेवरच्या वळ्या गेल्या, सदरा अंगावर वाऱ्यानं उडायला लागला, बीपीची एक गोळी कमी झाली. मामी सांगायच्या, रात्री आता घोरणं ऐकू येत नाही, तर मधेच उठून श्वास चाललाय ना ते बघावं लागतं. वर्ष होत आलं तेव्हा एका गुरुवारी मामा व्हरांड्यात आले आणि चपला न काढता, खिशातला मोबाईल न काढता सरळ काट्यावर चढले. सिस्टर म्हणाल्या, "मामा, चपला."

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "आज कडता नको. समद्यासकट भरू द्या."

एकशे दोन किलो आठशे. हवे होते एकशे तीन. मामांनी तो आकडा पुकारला, कांद्याच्या शेडमध्ये पुकारायचे तसा, आणि रांगेतले पेशंटसुद्धा वळून बघायला लागले. मग त्यांनी खिशातली वही काढली आणि त्यांच्या वहीत आणि सिस्टरांच्या रजिस्टरात पहिल्यांदाच एक आकडा लिहिला गेला.

पुढच्या तपासण्यांना तीन आठवडे लागले. त्या काळात मामी आम्हाला टाळत होत्या. मामा परत गटात आले तो गुरुवार मला आठवतो. ते नेहमीच्या खुर्चीत बसले, चपला काढल्या, काट्यावर चढले, उतरले, आणि मग म्हणाले, की त्यांची एक किडनी जन्मापासूनच बारीक आहे. जवळजवळ सगळं काम दुसरीच करते. ती काढता येणार नाही. डॉक्टरांनी मामींचं नाव यादीत लावलंय, कुणाची मिळाली तर मिळेल. "जलमभर गोनी वरनं बघून माल सांगितला, सर," मामा म्हणाले. "माझ्याच गोनीत काय हाय ते मला ठावं न्हवतं." सिस्टर उठून आत निघून गेल्या. मला त्या दिवशी देवाचा राग आला, आणि रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहून गात होते तेव्हा मी नुसता उभा राहिलो.

मामींनी मात्र घरी देवापुढं पेढे ठेवले. मामांना ते कळलं आणि ते भयंकर चिडले. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. योगायोगानं मीही त्याच गाडीत होतो, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला नगरला निघालो होतो. मामा चढले आणि आपल्या नेहमीच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसले. मामी वहिवाटीनं मागच्या बाकाकडे गेल्या, तर तिथं दोन बायका बसलेल्या. मामी दांडीला धरून उभ्या राहिल्या. कंडक्टर तिकिटं देत आला आणि म्हणाला, "आजी, उभ्या कशाला? ह्या बाबांशेजारी जागा हाय की."

मामींनी वळून बघितलं. मीही बघितलं. बाकाचा निम्मा भाग खरोखरच रिकामा होता. मामासुद्धा त्या जागेकडे असे बघत होते, जणू ती आत्ताच कुणी आणून ठेवली असावी. मग ते खिडकीकडे आणखी थोडे सरकले, आणि मामी बसल्या. बराच वेळ दोघंही समोर बघत होती. शेंगा पुढं गेल्या नाहीत, टरफलं मागं आली नाहीत. अरणगाव मागं पडलं तेव्हा मी पाहिलं, तर मामींची मान मामांच्या खांद्यावर कलली होती आणि त्या गाढ झोपल्या होत्या. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला होता.

मामा अजून दर गुरुवारी येतात. आता एकशे एकवर आहेत. मामी पूर्वीपेक्षा लवकर थकतात. यादीतून फोन आलेला नाही, आणि तो येईल का, हे आम्ही त्यांना विचारत नाही. गेल्या गुरुवारी ते चपला काढत होते तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, आता तर डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलंय. मग एवढी फेरी, एवढं मोजून खाणं, हे कशासाठी?" मामांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं.

"फुगलो तर परत बाक भरंल, सर," ते म्हणाले. "तिला मागं बसावं लागंल."

सिस्टरांनी रजिस्टरात आकडा लिहिला. पुढची पाळी माझी होती. मी चपला काढायच्या विसरून तसाच काट्यावर चढलो, आणि त्याही काही बोलल्या नाहीत.